परतीचे भाडे

लॉरी चालवणे हा लॉरीच्या धंद्यातला सर्वांत लहान भाग आहे, असे मी म्हणतो तेव्हा घरच्यांना तो माझा विनय वाटतो. वस्तुस्थिती मात्र तीच आहे. १९७० च्या दशकात इंग्लंडच्या मध्य भागातील ज्या लहान वाहतूक कंपन्यांत मी काम केले, तिथे स्टिअरिंग धरायला माणूस लागत असेच. पण त्या कंपन्या तगत किंवा बुडत त्या माल कसा भरला, कसा बांधला, गाडी कुणाच्या दारात किती वेळ अडकून पडली आणि परत येताना ती रिकामी आली की भरलेली, यांवर. या चारही गोष्टी मालकाच्या कचेरीत फारच थोड्या ठरत. त्या रस्त्यावर, ड्रायव्हरच्या हातून आणि पुष्कळदा लाल रंगाच्या टेलिफोन-खोक्यात उभे राहून ठरत.

मी मूळचा कराडकडचा. मामांचा एक ट्रक होता आणि शाळा सुटल्यावर काही काळ मी त्यावर क्लीनर होतो. गुळाच्या ढेपा घेऊन कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळुणात माल टाकायचा आणि मिळेल ते भाडे घेऊन पुन्हा चढायचे. थोरल्या भावाच्या मागोमाग इंग्लंडात आलो ते वॉल्व्हरहॅम्प्टनला, आणि पहिली काही वर्षे तिथल्या एका ओतशाळेत काढली. त्या भट्टीच्या धुरातून बाहेर पडायला मला जे एकमेव कसब येत होते ते हेच. दरम्यान ब्रिटनमध्ये कायदा बदलत होता. जड वाहनांसाठी स्वतंत्र परवाना आणि त्याची वेगळी परीक्षा १९७० पासून सुरू झाली. जे आधीपासून लॉऱ्या चालवत होते त्यांना अनुभवाच्या दाखल्यावर परवाना मिळाला; माझ्यासारख्या नवख्याला परीक्षा द्यावी लागली. दोन आसांच्या गाडीसाठी तिसरा वर्ग, त्याहून जास्त आसांच्या एकसंध गाडीसाठी दुसरा आणि पुढची इंजिनगाडी आणि मागचा ट्रेलर सांध्याने जोडलेल्या गाडीसाठी पहिला. परीक्षकाने गिअर बदलताना माझे डबल क्लच मारणे पाहून हे कुठे शिकलात असे विचारले होते. त्याला कुंभार्ली घाट समजावून सांगण्याइतके माझे इंग्रजी तेव्हा तयार नव्हते.

पहिल्या मालकाकडे चार गाड्या होत्या. कालव्याच्या कडेला विटांच्या भिंतीचे एक आवार, त्यात डिझेलची टाकी, पत्र्याची शेड आणि एक लाकडी खोली. चारपैकी एक गाडी मालक स्वतः चालवत. टेलिफोन आणि हिशेब मालकीणबाईंकडे. शनिवारी सकाळी सगळ्यांनी मिळून गाड्यांना ग्रीस द्यायचे, ब्रेक आवळायचे आणि आठवड्याचा पगार तपकिरी पाकिटातून घ्यायचा. १९६८ च्या वाहतूक कायद्याने अशा मालकांवर बरीच बंधने आली होती. गाड्या सुस्थितीत ठेवण्याची व्यवस्था आणि पदरी पुरेसा पैसा दाखवल्याशिवाय धंद्याचा परवाना मिळत नसे. उलट त्याच कायद्याने आधीची एक मोठी अडचण दूरही केली होती. १९३३ पासून चालत आलेल्या पद्धतीत, दुसऱ्यांचा माल वाहायचा तर आपल्या गाडीची गरज आहे हे सिद्ध करावे लागे, आणि रेल्वे व जुने वाहतूकदार त्याला हरकत घेऊ शकत. आमच्या मालकांसारख्या, काल-परवापर्यंत दुसऱ्याची गाडी हाकणाऱ्या माणसाला चार गाड्यांचा धनी होता आले ते हा अडसर निघाला म्हणून. ते मात्र हा कायदा आणणाऱ्या वाहतूकमंत्री बार्बरा कासल यांना आयुष्यभर शिव्याच देत राहिले.

आधी माझ्याकडे बेडफर्ड टीके होती. बेडफर्ड आणि लेलँड ही नावे आमच्या सातारा-सांगलीच्या रस्त्यांवरही ओळखीची असल्याने परकेपणा वाटला नाही. पुढे पहिल्या वर्गाचा परवाना मिळाल्यावर ॲटकिन्सन आली. पुढच्या जाळीवर वर्तुळातले मोठे ‘ए’ अक्षर, फायबरग्लासची केबिन आणि आत गार्डनरचे सहा सिलिंडरचे, साधारण साडेदहा लिटरचे, १८० अश्वशक्तीचे इंजिन. ट्रेलर आणि मालासकट बत्तीस टन वजन ओढायला १८० अश्वशक्ती, म्हणजे टनामागे सहासुद्धा नाही. ते इंजिन कधी दगा देत नसे आणि डिझेल जपून पीत असे, म्हणून लहान मालकांचा त्याच्यावर फार जीव. केबिनमध्ये मात्र दोघांच्या मधोमध ते इंजिनच बसलेले असल्याने बोलणे अशक्य. हीटर नावापुरता. दारांच्या फटींतून येणारा वारा अडवायला मी जुने वर्तमानपत्र कोंबत असे आणि गुडघ्यांवर पोते घेत असे. त्याच सुमारास स्वीडनहून व्होल्वो आणि स्कॅनियाच्या गाड्या येऊ लागल्या होत्या, ज्यांत हीटर खरोखर गरम हवा देत असे आणि सीट माणसासाठी बनवलेली वाटे. इंग्रज मालकांनी स्वदेशीच्या अभिमानाने त्यांना नाके मुरडली, पण ड्रायव्हरांनी मनातल्या मनात निकाल तेव्हाच दिला होता. ब्रिटिश लॉरी उद्योग पुढे का बसला याची कारणे विद्वान लोक अनेक देतात; मला एक पुरते. ज्याला त्या गाडीत दिवसाचे दहा तास बसायचे होते, त्याला कुणी विचारलेच नाही.

आता बांधणीविषयी. त्या काळी बहुतेक गाड्या सपाट हौद्याच्या, बाजूंना फळ्या नसलेल्या असत. त्यावर आज लोखंडी सळ्या, उद्या खताच्या गोण्या, परवा कागदाची रिळे. प्रत्येक माल वेगळा बसतो, वेगळा सरकतो आणि वेगळा बांधावा लागतो. सळ्या पुढे घसरतात आणि ब्रेक दाबताच केबिनच्या मागच्या भिंतीतून आत यायला पाहतात, म्हणून त्यांना साखळ्या. गोण्या मधल्या मध्ये बसतात, त्यामुळे तासाभराने सगळे दोर सैल पडतात. ताडपत्र्या टाकतानाही क्रम ठरलेला: आधी मागची, मग तिच्यावर चढलेली पुढची, म्हणजे धावत्या गाडीचा वारा आणि पाऊस जोडाच्या आत शिरत नाही. कोपऱ्यांच्या घड्या अशा घालायच्या की सैल कापडाचा फुगा होऊ नये, कारण फुगा झाला की साठ मैलांत ताडपत्री चिंध्या होते आणि नव्या ताडपत्रीचे पैसे ऐकून मालकाचा चेहरा पाहवत नसे. शेवटी दोर. एका बाजूने फेकलेला दोर दुसऱ्या बाजूच्या हुकातून घेऊन त्याला एक सरकता फास घालायचा आणि त्या फासातून स्वतःच्या अंगाचे वजन टाकून आवळायचा. तिथे त्या गाठीला ‘डॉली’ म्हणत. मामांच्या ट्रकवर मी हीच गाठ बिननावाची मारत आलो होतो. आवारातल्या वयस्क ड्रायव्हरने पहिल्या दिवशी मला ती शिकवायला घेतली, माझे हात बघून थांबला आणि काही न बोलता चहा करायला निघून गेला. त्या आवारात माझी भरती खऱ्या अर्थाने त्या क्षणी झाली असे मी मानतो.

तागाचे दोर पावसात आखडतात आणि ऊन पडले की सैल होतात, त्यामुळे इंग्लंडच्या हवेत दिवसातून अनेकदा खाली उतरून हात फिरवावा लागे. भिजलेली ताडपत्री एकट्याने घडी करणे हे कमरेचे काम. जानेवारीत ती पत्र्यासारखी कडक होई आणि गाठी उकलायला नखे पुरत नसत. या कामाचा वेगळा पैसा नव्हता. कारखान्यात माल भरणारा माणूस क्रेनने ओझे हौद्यावर ठेवी आणि तिथून त्याची जबाबदारी संपे. पुढे ते दोनशे मैल जागच्या जागी ठेवणे ड्रायव्हरचे. उतरवतानाही पुष्कळ ठिकाणी हातानेच. पन्नास किलोंच्या आसपासची एकेक गोणी हौद्याच्या कडेपर्यंत आणून खालच्याच्या खांद्यावर द्यायची, आणि बहुधा खालचा माणूस एकच असे.

सकाळी निघताना जाण्याचे भाडे ठरलेले असे. ब्लॅक कंट्रीतून, म्हणजे आमच्या भागातल्या लोखंडी कारखान्यांच्या पट्ट्यातून, साखळ्या, ओतीव भाग, नळ्या घेऊन ग्लासगो, लिव्हरपूल किंवा लंडन गाठायचे. त्या भाड्यात डिझेल, पगार आणि टायरची झीज कशीबशी निघे. नफा असे तो परतीच्या भाड्यात, आणि ते कुणीच ठरवलेले नसे. प्रत्येक मोठ्या शहरात माल आणि गाडी यांची गाठ घालून देणाऱ्या दलालांच्या कचेऱ्या होत्या. माल उतरवला की टेलिफोनचे खोके गाठायचे, नाणे हातात धरून उभे राहायचे, पलीकडून आवाज आला की टुंई-टुंई सुरू होते तेवढ्यात ते आत सारायचे आणि नाणे संपण्याआधी वॉल्व्हरहॅम्प्टनकडे काही आहे का ते विचारायचे. दलालाला आपली निकड कळू द्यायची नाही. आपण रिकामे आहोत आणि संध्याकाळ होत आली आहे हे त्याला कळले की दर निम्म्यावर येतो. मी त्यांना नेहमी सांगे की मला आणखी एका ठिकाणी विचारणा झाली आहे. तेही नेहमी सांगत की हे भाडे न्यायला दुसरी गाडी दारात उभी आहे. दोघेही खोटे बोलत आहोत हे दोघांनाही ठाऊक असल्याने कुणाच्या मनात किल्मिष राहत नसे. खरी किल्मिषे पैशांवरून होत. दलालाकडून रक्कम यायला तीन-तीन महिने लागत, आणि एखादा दलाल त्याआधीच कचेरीला कुलूप लावून नाहीसा झालेला असे. आमच्या मालकांना असा एक फटका बसला तेव्हा त्यांनी चार गाड्यांची तीन केली. आम्हा कुणाला कामावरून काढले नाही. स्वतःचीच गाडी विकली आणि शेडमध्ये मेकॅनिकचे काम करू लागले.

कधी कधी परतीचे भाडे परतीचे नसेच. ग्लासगोहून ॲबर्डीन, तिथून लिंकनशर, तिथून बटाटे घेऊन लंडनचा बाजार, असे करत आठवडाभर घराकडे तोंडच होत नसे. अशा फिरतीवरच्या ड्रायव्हरांचा इतरांत एक रुबाब असे. लग्न झाल्यावर मला त्या रुबाबाची किंमत कळू लागली.

लंडनच्या गोद्यांबद्दल थोडे लिहायला हवे. १९६८ च्या एप्रिलमध्ये आमच्याच वॉल्व्हरहॅम्प्टनचे खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्धचे ते भाषण केले, आणि तीन दिवसांनी लंडनचे शेकडो गोदी कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी संसदेवर चालून गेले. त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी मी त्या गोद्यांच्या फाटकाबाहेर रांगेत उभा होतो. मनात धाकधूक होती. प्रत्यक्षात झाले ते असे की आमची रांग दीड दिवस हललीच नाही, आणि त्या दीड दिवसात पुढचा यॉर्कशरचा ड्रायव्हर, मागचा वेल्समधला आणि मी यांना अगदी समान वागणूक मिळाली. टोमणे मारणारे भेटले नाहीत असे नाही; पण माल उतरवताना शिवी देणाऱ्याचा आणि गुपचूप सिगारेट पुढे करणाऱ्याचा चेहरा एकच असल्याचेही मी पाहिले आहे. त्या गोदी कामगारांचे भवितव्य आमच्याआधीच ठरून गेले होते. सेंट कॅथरिन गोदी १९६८ मध्ये बंद झाली, लंडन डॉक १९६९ मध्ये, सरे १९७० मध्ये, आणि ज्या रॉयल गोद्यांच्या फाटकावर मी रांगा लावल्या त्यांचा व्यापार १९८१ मध्ये थांबला. ते काम कंटेनरांबरोबर टिलबरीला आणि फेलिक्सस्टोला गेले.

रात्रीच्या मुक्कामासाठी ड्रायव्हरांची म्हणून खास घरे असत. एका खोलीत चार-पाच खाटा, कोळशाची शेगडी, सकाळी अंडी आणि तळलेला पाव. केबिनमध्ये झोपण्यापेक्षा ते बरेच. काही दारांवर मला पाहून जागा भरल्याचे सांगितले गेले. १९६८ च्या वंशसंबंध कायद्याने ते बेकायदा ठरले होते, पण रात्री नऊला पावसात कायदा वाचून दाखवायला कोण थांबणार. एकदा असे झाले तेव्हा माझ्याबरोबरच्या स्टोकच्या ड्रायव्हरने, जो पुरुषांनासुद्धा लाडाने ‘डक’ म्हणून हाक मारी, आपलीही पिशवी उचलली आणि आम्ही दोघे पुढच्या घरी गेलो. त्याने त्याबद्दल नंतर एक अक्षरही काढले नाही, मीही नाही. खाण्याची मात्र माझी ठरलेली पंचाईत. मी गोमांस खात नसे, आणि हमरस्त्यावरच्या ट्रान्सपोर्ट कॅफेत पायमध्ये काय आहे असे विचारणे हा पायचा अपमान समजला जाई. मी वर्षानुवर्षे अंडी, बटाट्याचे काप आणि डब्यातले बीन्स यांवर काढली. चहा मात्र उत्तम: जाड पांढऱ्या मगातला, दाट, कडक, आणि न विचारता साखर घातलेला. घरच्या चहाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट मला त्या देशात तिथेच मिळाली.

रस्ते त्या दशकात झपाट्याने बदलत होते. परवाना मिळण्यापूर्वी काही महिने मी एका जुन्या ड्रायव्हरबरोबर मदतनीस म्हणून फिरलो, तेव्हा स्कॉटलंडला जायचे तर ए-६ या जुन्या हमरस्त्याने शाप नावाचा डोंगर ओलांडावा लागे. समुद्रसपाटीपासून सुमारे चौदाशे फूट. उंची ऐकून कराडकडच्या माणसाने हसावे. पण तिथला हिमवर्षाव आणि वारा कुंभार्लीला ठाऊक नाहीत. बर्फात गाड्या अडकल्या की ड्रायव्हर डोंगराच्या दक्षिणेला असलेल्या जंगल कॅफेत रात्र काढत. थंडीने डिझेल मेणासारखे गोठे, आणि मग टाकीखाली चिंध्या पेटवून ते पातळ करण्याचा उद्योग चाले, जो आठवला की अजून अंगावर काटा येतो. १९७० मध्ये एम-६ हा मोटरवे त्या भागातून सुरू झाला आणि शापच्या गोष्टी सांगण्यापुरत्या उरल्या. पुढच्या वर्षी एम-६२ ने पेनाइन डोंगर पार केला, ३७२ मीटरवरून, इंग्लंडमधल्या सर्वांत उंच मोटरवेने. १९७२ मध्ये बर्मिंगहॅमजवळचा तो गुंतागुंतीचा उड्डाणचौक झाला आणि आमचे आवार एकाएकी सगळ्या देशाच्या मध्यावर आले. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवण्याची खोड मात्र दोन्ही देशांत सारखी. तिथले ड्रायव्हर त्याला मूक सहावा गिअर म्हणत. मामा त्याबद्दल कानफटात देत असत, आणि त्या एका बाबतीत मी मामांचेच ऐकले.

हे सगळे आठवताना माझ्या पिढीतले ड्रायव्हर ज्या स्वातंत्र्याचे गोडवे गातात, त्याबद्दल मला वेगळे म्हणायचे आहे. १९७० पासूनच्या नियमाप्रमाणे दिवसाला दहा तास गाडी चालवता येई आणि एकूण काम अकरा तास. हे सगळे ड्रायव्हरने स्वतःच्या हाताने वहीत लिहायचे. साध्या रस्त्यावर लॉरीला ताशी चाळीस मैलांची मर्यादा होती, त्यामुळे वहीतले अंतर आणि तास जुळवणे हे रोजचे अंकगणित. गोदीच्या रांगेत गेलेला दिवस विश्रांती म्हणून लिहायचा आणि रात्रभर गाडी हाकायची, हे सर्रास चाले. रात्र बाहेर काढल्याचा भत्ता लावून प्रत्यक्षात घरी येऊन झोपणेही चाले, आणि मालक त्याकडे काणाडोळा करत, कारण पगार वाढवण्यापेक्षा ते स्वस्त पडे. ड्रायव्हरला वाटे आपण मालकाला आणि सरकारला फसवले. प्रत्यक्षात त्याने आपली झोप विकलेली असे, आणि तीही कमी दराने. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय समुदायात गेल्यावर वेग आणि वेळ यांची आपोआप नोंद करणारा टॅकोग्राफ आज ना उद्या बसणार हे उघड होते. संघटनांनी त्याला केबिनमधला हेर ठरवले, सरकारने टाळाटाळ केली, १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध निकाल दिला आणि १९८१ संपताना तो सक्तीचा झाला. माझ्या गाडीत ती तबकडी फिरू लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी दलालाला सांगितले की आज माझे तास संपले, उद्या सकाळी निघेन. पूर्वी हे म्हणायला बळ नव्हते. हेर म्हणा, पण तो माझ्या बाजूने साक्ष देणारा पहिला साक्षीदार होता.

१९७९ च्या जानेवारीतला लॉरीवाल्यांचा संप याच पार्श्वभूमीवर झाला. आठवड्याला ६५ पौंड आणि पस्तीस तासांचा आठवडा ही मागणी होती. आमच्या आवारातल्या गाड्या जवळपास महिनाभर हलल्या नाहीत. मालक रोज येऊन आम्हाला चहा देत आणि संघटनेला नावे ठेवत. आम्ही त्यांचा चहा पीत असू आणि संघटनेच्या बाजूने असू.

लहान कंपन्यांना संपाने मारले नाही. कंटेनर आला आणि ड्रायव्हरला आतला माल काय आहे हे कळेनासे झाले. चार कोपऱ्यांचे खटके फिरवले की बांधणी संपली. चेशरमधल्या काँगल्टनच्या बोअलॉय कंपनीने साठच्या दशकाच्या अखेरीस काढलेला, बाजूंना पडदे असलेला ट्रेलर हळूहळू सगळ्यांनी घेतला, आणि ताडपत्रीचे काम पाच मिनिटांवर आले. माझी कंबर त्या कंपनीची ऋणी आहे. मग १९८३ मध्ये पाच आसांच्या गाड्यांना अडतीस टनांपर्यंत परवानगी मिळाली. ज्याच्याकडे नवा ट्रेलर घ्यायला पैसा होता तो एका खेपेत कित्येक टन जादा नेऊ लागला, आणि ज्याच्याकडे नव्हता त्याने जुन्या बत्तीस टनांवर त्याच्याशी दरात स्पर्धा करायची होती. आमच्या मालकांनी वर्षभर हिशेब करून पाहिला आणि आवार विकले. मी एका मोठ्या किराणा साखळीच्या गोदामातून रात्रपाळीची फेरी धरली: ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, उबदार केबिन, आणि परतीचे भाडे शोधण्याची गरजच नाही. पगार चांगला होता आणि निवृत्तीपर्यंत मी तिथेच राहिलो.

२०२१ च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये लॉरीचालकांचा इतका तुटवडा झाला की पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. एक लाख चालक कमी आहेत असे वाहतूकदारांची संघटना सांगत होती. तेव्हा सरकारने परदेशी चालकांसाठी पाच हजार तात्पुरते व्हिसा जाहीर केले, आणि सुरुवातीला त्यांची मुदत ठेवली ती २४ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नाताळचा माल दुकानांत पोचवा आणि नाताळच्या आदल्या रात्री परत जा. ती मुदत नंतर वाढवली, तरी फारसे कोणी आले नाही. नातवाने मला फोन करून विचारले की आजोबा, का आले नसतील? मी त्याला म्हटले की त्यांनी जाण्याचे भाडे सांगितले आणि परतीचेही त्यांनीच ठरवून टाकले, त्यात घासाघीस करायला जागाच ठेवली नाही.